खळग्यातलं घर

मुकुंदवाडी, १४ डिसेंबर २०२४

चि. सोनाजीस, सत्यशीलाआक्काचे अ. उ. आशीर्वाद.

फोन केला की तू आवाज चढवून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. कागद मधीच कट करता येत नाय. माय माझ्याकडं होती तवा काय बोलत होतास, आठव. शहराची हवा म्हणजे जहर, आक्कानं मायला ट्रकांच्या धुरात कोंडलं, असं साऱ्या भावकीत सांगत फिरलास. मलाबी पटलं. दम्याचं माणूस, गावच्या मोकळ्या हवेत बरं राहील म्हणून मीच दिवाळीनंतर तिला करमाडच्या गाडीत बसवलं.

काल बोलले तिच्याशी. एक वाक्य पुरं होईना तिचं. रूपाला विचारलं तवा कळलं, तू घराशेजारच्या वावरात वीटभट्टी लावू दिलीस. बायकोनं सांगावं, नि तू गप? लाज वाटायला हवी होती. भट्टी बंद कर, नायतर मी मायला न्यायला येते.

वेळेवर जेवत जा. संतापले तरी थोरली आहे तुझी,
सत्यशीला

वाडी, करमाड, २१ डिसेंबर

ती. आक्कास, सोनाजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शहरात राहून आम्हाला हवा शिकवू नको. सकाळी टेकडीवरून पाहिलं तर तुमचं शहर दिसत नाय, चिकलठाण्याकडं नुसता राखाडी पट्टा दिसतो. त्यात तूच राहतेस.

भट्टी लहान आहे. धूर वर जातो, वारा नेतो. आपल्याकडं उन्हाळ्यात पत्रे उडतात, विसरलीस काय? मायचा खोकला थंडीचा आहे. तू दिलेला दम्याचा पंप देतो, वाफ देतो. यंदा थंडीच लई. घरापाशी ओढ्याकाठी धुकं नि धूर दुपारपर्यंत हलत नाय. कोकरं ठसकू लागली, म्हणून मेंढरं वर माळावर बसवली. आता बरी आहेत.

दाजींना नमस्कार. राग सोड, माया ठेव.
सोनाजी

मुकुंदवाडी, २६ डिसेंबर

सोनाजी,

आज आशीर्वाद लिहायला हात होईना. देव तुला अक्कल देवो.

तुझंच पत्र परत वाच. कोकरं ठसकली तर ती वर नेलीस. मेंढरं वर नि माय खाली. उन्हाळ्याचा वारा हिवाळ्यात कुठून आणणार आहेस? आबा सांगायचे ते तुलाबी पाठ आहे, की थंडीत गार हवा उतरून खळग्यात बसते, वरून झाकण घातल्यागत, म्हणून पौषात कळप ओढ्याकाठी बसवायचा नाय. चारी अंगांनी टेकड्या, धूर जाईल कुठं? माझं शहरबी डोंगरांच्या मधी आहे, म्हणून तर तुला तो पट्टा दिसतो. मेंढरांपुरतं सगळं आठवतं तुला.

हे मायला वाचून दाखव. हिंमत असली तर.
आक्का

माळावरून, ३ जानेवारी २०२५

ती. आक्कास दंडवत.

दाखवलं वाचून. तुझा लई संताप आला होता, वाटलं मायच तुला चार शब्द सुनावील. तिनं उलट घोंगडी उचलली नि टेकडी चढू लागली. जरा चढायची, बसायची, दम घ्यायची, पुन्हा उठायची. धरायला गेलो तर हात झटकला. वर मेंढरांच्या जाळीशेजारी घोंगडी टाकली नि म्हणाली, कोकरांच्या बाजूला माझीबी जागा कर. साऱ्या वाडीनं पाहिलं. आक्का, हे मी विसरणार नाय.

सकाळी तिला उतरवायला वर गेलो. खाली पाहिलं तर आपलं घर दिसेना. लिंबाचा शेंडा तेवढा वर, बाकी सगळं धुरात. त्यात रूपा होती, पोरं निजलेली होती. मायला तिथंच सोडून तसाच पळत उतरलो.

भट्टीवाल्याशी भांडलो. पेटलेली भट्टी मधी विझवता येत नाय म्हणतो. ही उतरली की दुसरी लागणार नाय, हे त्याला चारचौघांत सुनावलं. तवर सगळ्यांना वर आणलंय, पाल ठोकलंय. वर थंडीबी कमीच आहे. मायचं वाक्य अजून पुरं होत नाय, पण झोप लागते तिला. माझ्याशी बोलत नाय.

तू तरी बोलणं टाकू नको. नि उत्तर घराच्या पत्त्यावर धाडू नको. तिथं कोणी नाय.
सोनाजी