गॅलरीसमोरचं कॉलेज

आमच्या घरच्या किडेपंडित बाईंना आजीचा आशीर्वाद.

आत्याकडे सुखरूप पोचले. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच. तुझी आई वेळेवर जेवते ना?

जीवशास्त्राला अर्ज करताना तू मोठी कॉलेजं सोडलीस आणि घरामागचं धरलंस. का, तर "आजीला टाकून कुठे जाऊ?" तिथे किडे बघायची दुर्बीण म्हणे एकच, तीही कपाटात कुलपात. आणि तुझा प्रवेश होतोय न होतोय तोच तुझ्या बापाने मलाच इथे आणून ठेवलं, घरचा जिना मला झेपत नाही म्हणून.

आत्याच्या गॅलरीसमोरच कॉलेज आहे. पोरी झाडाखाली उकिडव्या बसून भिंगातून मुंग्या बघतात. मी रोज त्यांच्यात तुला शोधते, वेड्यासारखी. आत्या हसतेय, तरी हेही लिही म्हटलं तिला. तिने तिथे जाऊन विचारलं, पण यंदाची मुदत संपली.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. तेव्हा कॉलेज बघ, आजी बघू नकोस. आजीला काय, कोणीही उचलून कुठेही ठेवतं. पण हेच कॉलेज बघायला आलीस, तर समोरच्या गॅलरीत हात हलवणारी म्हातारी मीच.

सांगणारी आजी,
लिहिणारी आत्या