ओली बाही

कारागंडा, ३ नोव्हेंबर २००९

ती. वडील अके यांस, साउलेचा सा. न. वि. वि.

घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, म्हणून माझी पत्रं तुम्ही वस्तीभर वाचून दाखवता. हे दाखवू नका. दुकानातल्या फोनवर बोलण्यासारखंही हे नाही.

खाणीतला मिथेन हवेत न सोडता नळानं ओढून बॉयलरमध्ये जाळतात, त्याचं मोजमाप माझ्याकडे आहे. तुम्ही खणता त्या थरातला निम्माच वायू नळात येतो. उरलेला बोगद्यात असायला हवा, पण तिथलं यंत्र हवा स्वच्छ दाखवतं. तीनदा गणित केलं. मग आठवलं, तुमच्या जाकिटाची एक बाही नेहमी ओली असायची. अपा ती चुलीपाशी वाळवायची. मला वाटे, घाम. ओलं जाकीट यंत्रावर घालता ना? वायू वाढला की यंत्र वीज तोडतं, कोळसा थांबतो, म्हणून?

मी कळवलं तर बोगदा बंद होईल, आणि तुमचं पेन्शन चार महिन्यांवर आलंय. बापाविरुद्ध लिहायचं तर आधी त्याचा बाता हवा. तुमचा आशीर्वाद येईपर्यंत अहवाल अडवून ठेवते.

रागावलात तरी लेक म्हणायचं सोडू नका.

साउले

खाणवस्ती, ९ नोव्हेंबर

चि. साउलेस अनेक आशीर्वाद.

पत्र लपवलं, तर शेजारी विचारतात, पोरीचं लग्न ठरलं काय. म्हटलं, तिला गणिताशीच करायचंय.

जाकीट घालतो, खरं आहे. माझा बापही घालायचा. वरून विचारतात ते कोळशाचं, वायूचं कोण विचारतो? काल मी माझं काढलं, तर माझ्या पाळीतल्या बेरिकनं स्वतःचं घातलं. म्हणाला, "म्हाताऱ्या, तुझं पेन्शन आलं. माझी पोरं लहान आहेत."

तेव्हा तूच लिही. तळहात उघडून बाता दिलाय, तुझी अपा आमिन म्हणाली. विचारायला नको होतंस, वेडे.

तुझा अके

कारागंडा, २० नोव्हेंबर

ती. मातोश्री अपास साउलेचा नमस्कार.

अकेंच्या दफनाहून परतले, तर टेबलावर त्यांचं पत्र होतं. नऊ तारखेचं. स्फोट अकराला झाला. मी तीन तारखेलाच कळवलं असतं, तर तो बोगदा तेव्हाच बंद झाला असता.

आज साहेब म्हणाले, त्या दिवशी खाली स्फोटात जळालेला वायूही हवेत गेला नाही, तो प्रदूषणाच्या कपातीत धरा, कंपनीला त्याचेही पैसे मिळतात. मी रकाना कोरा ठेवला. खाली जाकिटांचं लिहिलं, अहवाल अडवलेले माझे आठ दिवस लिहिले आणि सही केली. नोकरी राहणार नाही.

अकेंचं जाकीट मला दिलं. वर, कपडे बदलायच्या खोलीत, खुंटीवर होतं. त्या दिवशी त्यांनी ते खाली नेलंच नव्हतं. दोन्ही बाह्या कोरड्या आहेत.

तुझ्याकडे बाता मागायचं धाडस नाही.

साउले