कोमट गुळवणी

ता. २२ जाने., गुरु.
संदीपचा पुण्याहून फोन. सूनबाईचं डोहाळजेवण रविवारी, आपल्याच घरी. प्राजक्ताला सातवा चालू आहे. सांगलीचे व्याही पंधरा-वीस माणसं घेऊन येणार. आचारी सांगू का म्हणाला. म्हटलं, चोवीस वर्षं पलटणीच्या लंगरात स्वयंपाक केला, आता घरच्या सुनेला आचारी? गप बस.
बेत: पुरणपोळी, कटाची आमटी, गुळवणी. हिने नाक मुरडलं. "एवढ्या माणसांत गुळवणी गार हुती. मग कोण खातंय?" खरं आहे. पोळी बुडवायची तर गुळवणी ऊनच हवी. आणि दूध पडल्यावर परत उकळली की फाटते. बघू.

ता. २४, शनि.
पोरं आली. प्राजक्ताने विजेचं भांडं आणलंय, स्लो कुकर. आत चिनी मातीचं, चांगलं जड. पुण्यात तिच्या मैत्रिणी वाढदिवसाला त्यात चॉकलेट पातळ करून ठेवतात आणि स्ट्रॉबेरी बुडवून खातात. "आबा, बटण 'वॉर्म'वर ठेवायचं. जेवणं होईपर्यंत बघायला नको." पाणी घालून पाहिलं. ऊन राहतं. पोरगी हौशी आहे, एका हाताने पोट धरून घरभर फिरते.
शेजारी सुमनवहिनींना दूध सांगितलं. दादा गेल्यापासून त्यांचं सगळं दोन म्हशींवरच. म्हणाल्या, "उद्याची पहिली धार तुमचीच, भावजी."

ता. २५, रवि.
सकाळी ७ ला गुळवणी तयार, भांडं चालू. ९ ला लाईट गेली. कुठे तार तुटली म्हणे, रविवारच सापडला. साडेबाराला आली. व्याही तोवर विट्यात. पंगत ३ ला बसली. गुळवणी तळापर्यंत खपली. व्याही म्हणाले, "हवालदारसाहेब, हाताला चव आहे तुमच्या." प्राजक्ताने तीन वाट्या घेतल्या. मी वाढत होतो, मला जेवायला सवडच नाही झाली.
बरं झालं सगळं.

ता. २६, सोम.
काल दिवेलागणीला प्राजक्ताला उलट्या सुरू. मग व्याहीण, मग संदीप, मग एकेक करून सतरा जण. व्याह्यांच्या गाडीतच तिला साताऱ्याला नेलं. अंगातलं पाणी गेलं, बीपी उतरलं, कळा सुरू झाल्या. आज सकाळी मुलगी झाली. सातव्यातली. काचेच्या पेटीत आहे.
शाळेतून हेडमास्तरांचा फोन. दरवर्षी झेंडा मी चढवतो. येत नाही म्हटलं.

ता. २७, मंगळ.
दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना विचारलं, काय खाल्लं. गुळवणी न घेतलेली चार पोरं ठणठणीत, त्यामुळे तेच निघालं. बाई म्हणाल्या, दूध तासन् तास कोमट राहिलं की असं होतं. व्याहीण म्हणाली, "दूध कुणाचं होतं?" ही लगेच, "जाऊबाईंचं." झालं. सगळ्यांनी माना हलवल्या. कोमट कुठे राहिलं ते कुणी विचारलं नाही.
मी हिच्या शेजारीच उभा होतो.

ता. २९, गुरु.
गावभर झालंय. वहिनींच्या दुधाची किटली भरलेली परत येते. काल सरपंचाच्या घरून, आज मास्तरांच्या. गावातली माणसं त्यांना ओळखतात, तरी.
सकाळी दारात आल्या. आत या म्हटलं, आल्या नाहीत. "भावजी, त्याच धारंचं दूध माझ्या घरी व्हतं. मी प्याले. मला काय झालं न्हाई." ही आतून म्हणाली, "आता कशाला उकरून काढायचं त्ये?" वहिनी माझ्याकडे बघत उभ्या. मी पेपर वाचत होतो. वाचत कसला होतो.
चोर सोडून संन्याशाला फाशी.

ता. ३१, शनि.
इथे तरी खरं लिहितो. ही वही दुसरं कोण वाचतंय.
लाईट आल्यावर झाकण काढलं. भांडं कोमट झालेलं. चमच्याने चाखली. किंचित आंबूस. पक्की आंबट नाही, पण कळली. मला कळणार नाही तर कुणाला कळणार? लंगरात पोरांना रोज दटावायचो, गरम ते गरम, गार ते गार, मधलं सगळं फेकायचं. एकदा खीर ओतून दिली म्हणून सुभेदाराशी भांडलोय.
उकळावी तर फाटणार. फेकावी तर पानात पोळी कोरडी, आणि आचारी नको म्हणणारा मीच. व्याह्यांचा फोन, अर्ध्या तासात पोचतो. वेलदोडा आणखी घातला, जायफळ किसलं, बटण चालू केलं. वास झाकला गेला.
ही पुरणात होती. कुणी बघितलं नाही.

ता. ३ फेब्रु., मंगळ.
संदीपचा फोन. बाळाचं वजन आणखी उतरलं. श्वासाला नळी आहे. तो रडला. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला रडताना. मग म्हणाला, "आबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या हातचं कधी बिघडलंय का? काकीनं घात केला."
हं म्हणालो. हं!
जेवण जात नाही. हिला वाटतं नातीची काळजी. तीही आहेच.

ता. ५, गुरु.
हिला सांगितलं. भाकऱ्या थापत होती, थांबली. वेलदोड्याचंही सांगितलं. मग म्हणाली, "ह्ये मला सांगितलं, आता कुणाला सांगू नगा. पोरगी अजून पेटीत हाय. त्या पोरीला काय झालं आन् संदीपला कळलं, तर त्यो ह्या दारात पाय ठेवायचा न्हाई. झाकली मूठ ऱ्हाऊ द्या."
म्हटलं, आणि वहिनी?
"त्येंचं कोण हाय मागं?"
चाळीस वर्षांचा संसार. बाई वाईट नाही. दादाच्या आजारपणात हिनेच वहिनींना महिना-महिना जेवू घातलं. तीच असं बोलली. मला त्या वाक्याने जरा हलकं वाटलं, ते जास्त वाईट.
तव्यावरची भाकरी करपली.

ता. ७, शनि.
वहिनींकडे गेलो. गोठ्यात होत्या. एक म्हैस दिसली नाही. विकली म्हणाल्या, कालच, औंधच्या माणसाला. दूध घालायचं कुठे?
बसलो तिथेच पेंडीच्या पोत्यावर. म्हटलं, वहिनी, दूध चांगलं होतं. बिघडवलं मी.
त्या शेण भरत होत्या, हात थांबला नाही. "म्हाईत हाय."
कसं?
"ताटं द्यायला मागच्या दारानं आले व्हते. तुमी चाखली. तोंड वाकडं झालं. मग वेलदोडा घातला."
मग बोलला का नाही तेव्हाच? निदान आम्ही दवाखान्यातून आल्यावर तरी?
"तवा वाटलं, इतकी वर्सं मिलिटरीत रांधलंय, तुमाला कळतंय. आन् मागनं…" पाटी उचलून कडेला ठेवली. "मागनं वाटलं, तुमीच सांगाल."
तेरा दिवस ती बाई वाट बघत होती. दारात आली होती ती त्यासाठीच. आणि मी पेपर धरून बसलो.
माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? मला म्हाईतच व्हतं."

ता. ८, रवि. सातारा, दवाखाना.
हिला न सांगता पहिल्या गाडीने आलो. ती उठली होती, तिला कळलं असणार. डबा हातात दिला.
बाळाची नळी काल काढली. दोन चमचे दूध पोटात राहिलं म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून आठवडाभर काही सांगता येत नाही. प्राजक्ता भिंतीला धरून चालते. मला बघून हसली. "आबा, तुम्ही कशाला दगदग केलीत."
संदीपला जिन्यात गाठलं. म्हटलं, बस, बोलायचंय. म्हणाला, "काकीचं असेल तर नको आबा. सांगलीचे म्हणतायत, बारशाला ती बाई नको. मी हो म्हणालोय."
म्हटलं, तिचंच आहे. म्हणजे माझं आहे.
"म्हणजे?"
तेवढ्यात नर्सने हाक मारली, बाळाचे वडील कोण. तो गेला. जाता जाता वळून म्हणाला, "थांबा इथंच, आलोच."
जिन्याखालच्या बाकावर बसून लिहितोय. पाऊण तास झाला. बाहेर स्टॅण्डला जाणाऱ्या दोन रिक्षा येऊन गेल्या. उठलो नाही अजून.