साध्या पाण्यातले थेंब

४ मार्च

तीन महिने झाले, एक थेंब दिसेल तर शपथ! सरांच्या खोलीत भिंतीवर बावीस वर्षांपूर्वीचा फोटो आहे — पाण्यात तेलाचे गोल गरगरीत थेंब. त्या फोटोवर सरांचं नाव झालं, खुर्ची मिळाली. मलाही तसाच फोटो हवा. नाहीतर जूनमध्ये प्रबंध नाही.

आई फोनवर म्हणते, "तेल-पाणी एकत्र येत नाही, हे मी तुला फुकटात सांगितलं असतं." येतं गं बाई. साबणाच्या जातीचं काहीतरी घातलं की गुण्यागोविंदाने नांदतात. कसे नांदतात, तेच तर बघायचंय!

७ मार्च

आज पुन्हा तेच. मिश्रणाचा थेंब नखाएवढ्या धातूच्या जाळीवर ठेवला, जास्तीचा टिपकागदानं टिपला, उरलेला क्षणात गोठवला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात घातला. पडद्यावर काय? लोकरीचा गुंता! तेलाच्या वाटा, पाण्याच्या वाटा, एकमेकींत अडकलेल्या. सर म्हणाले, "तुझा हात बसलेला नाही." पाच वर्षं झाली, सर. हात काय, मी अख्खी बसलेय इथे.

१२ मार्च

थेंब!!! गोल, काळे, शंभरावर! सर्दीनं जीव गुदमरत होता म्हणून मास्क काढून काम केलं आणि नशीब फळफळलं. सरांनी चहा पाजला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

१३ मार्च

सूक्ष्मदर्शक सांभाळणाऱ्या बाईंनी फोटो पाहिला. चष्मा कपाळावर सरकवला.

"मास्क होता?"

नव्हता.

"मग हे तेल नव्हे. तुझ्या श्वासाची वाफ गोठून बसलीय. साधं पाणी गोठवून बघ."

असा राग आला! काय नडलं होतं यांचं?

१४ मार्च

नुसतं पाणी. तेलाचा टिपूस नाही. मास्क काढला, वर तोंडानं हाऽऽ केलं. थेंब आले. हुबेहूब भिंतीवरचे! आधी खो खो हसले. म्हणजे सरांनी बावीस वर्षं स्वतःचा श्वास फ्रेम करून टांगलाय!

मग हसू थांबलं. बोलले तर सर प्रबंधावर सही करायचे नाहीत. गप्प बसले तर तीच थाप माझ्या नावावर. भीती वाटतेय, दुसरं काही नाही.

१५ मार्च

पाण्याचा फोटो सरांपुढे ठेवला, खरं ते सांगितलं. दाराजवळच उभी होते, सर ओरडले तर पळायला. ओरडले नाहीत. म्हणाले, "साधं पाणी मीही गोठवलं होतं. फोटो छापून आला, त्याच्या पुढच्या आठवड्यात."