कर्णा पेटीत ठेवू नका

ठाणे, माघ वद्य तृतीया, शके १८१०

जाऊबाई,

तुम्ही तळ्यावरून धुणं घेऊन याल तोवर माझा दादा मला बाळंतपणाला कल्याणला घेऊन गेलेला असेल. कानाशी ओरडून निरोप घ्यायचा तर सगळी आळी ऐकेल, म्हणून लिहून ठेवते. अक्षरं तुम्हीच शिकवलीत.

दळताना माझी ओवी संपली की पुढची तुम्ही उचलायच्या. दिवाळीपासून उचलली नाहीत, तर मला वाटलं रुसलात. मीही अबोला धरला. परवा डॉक्टर म्हणाले, यांना ऐकूच कमी येतं, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाऊ माझी बोलेना, मला वाटे धरी राग
तिच्या गं कानापाशी, पोचेना माझी हाक

कानातला मळ निघाला, थोडा फरक पडलाय. आता लसणीचं तेल ओतू नका, केसांचा आकडा तर मुळीच घालू नका. मोठ्या भाऊजींनी मुंबईहून आणलेला कर्णा तुम्ही पेटीत लपवलात, मी पाहिलं. शेजारणी हसतील म्हणून ना? हसू देत की! निमुळतं टोक कानाला लावा, रुंद तोंड बोलणाऱ्याकडे करा. कोणी ओरडलं तर सांगा, "समोर बसून सावकाश बोल."

उजव्या कानाने तुम्हाला बरं ऐकू येतं, तेव्हा परत आले की जात्याशी मी त्याच बाजूला बसेन. तोवर कर्ण्याची सवय करा. घरात तान्हं येतंय. ते रडायला लागलं की कर्णा काढून निवांत बसायची सोय तुम्हा एकट्यांनाच आहे!

तुमची धाकटी,
द्वारका