विहिरीच्या अहवालावरील माझी सही मागे घेण्याबाबत

दिनांक : ११ मे २०२०

प्रति,
मा. मुख्य आरोग्य अधिकारी,
तालुका सार्वजनिक आरोग्य कार्यालय,
मेर्लिनेश्त, मोल्डोव्हा.

अर्जदार : रायसा बोत्नारू, परिचारिका, उपचार केंद्र, मौजे स्तुपारेनी. वय ५७, सेवा ३१ वर्षे.

विषय : मौजे स्तुपारेनी, खालची आळी येथील सार्वजनिक विहिरीच्या अहवालावर मी केलेली सही रद्द करून अहवालाची फेरतपासणी करण्याबाबत.

संदर्भ : स्तुपारेनी ग्रामपंचायतीचा अहवाल, दि. २८ मार्च २०२०.

महोदय,

संदर्भातील अहवालात असे नमूद आहे की, इटलीहून आलेल्या वियोरिका त्सुर्कान या महिलेने अलगीकरणात असताना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरले, त्यामुळे विहीर विषाणूने दूषित झाली आणि आळीतील एकोणीस जण आजारी पडले. त्याखाली केंद्राचा शिक्का आणि माझी सही आहे. हा मजकूर खोटा आहे. सही करताना तो खोटा असल्याचे मला ठाऊक होते. पुढे घडलेला प्रकार क्रमाने देत आहे. लोक जे बोलले ते बोलले तसेच लिहिले आहे, कारण सरकारी भाषेत घातले की ते फार सभ्य वाटू लागते.

१. श्रीमती वियोरिका (वय ४६) या अकरा वर्षे पादुआ शहरात एका वृद्ध बाईंची देखभाल करीत होत्या. फेब्रुवारीअखेर त्या बाई वारल्या, त्यांच्या मुलांनी घराला कुलूप लावले आणि शनिवार दि. १४ मार्च रोजी श्रीमती वियोरिका मिनीबसने गावी परतल्या. घरी त्यांची आई अगाफिया, वय ७९, खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. दुसऱ्या दिवशी आपल्या कार्यालयाच्या आदेशानुसार मी त्यांच्या फाटकावर चौदा दिवसांच्या अलगीकरणाचा कागद चिकटवला व रोज दोन वेळा ताप मोजू लागले. एकूण सत्तावीस नोंदी आहेत. सर्वात जास्त ताप ३६.८. खोकला एकदाही नाही. आदेशात असेही होते की अलगीकरणातील घराला पाणी व किराणा ग्रामपंचायतीने पोहोचवावा. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्या फाटकापाशी ग्रामपंचायतीचे कोणीही आले नाही.

२. त्याच आठवड्यात सरपंच श्री. ग्रिगोरे स्पिनू यांनी गावाचे निर्जंतुकीकरण केले. त्यासाठी द्राक्षबागेचा फवारणी पंप व मोरचूद वापरले. रस्ता, चर्चचे कुंपण, बसथांब्याचा बाक आणि श्रीमती तामारा यांच्या दुकानाची पायरी फवारण्यात आली. बाक आजही निळा आहे, त्यावर बसणाऱ्यांचे कपडेही निळे होतात. या कामाचे छायाचित्र गावाच्या मोबाइल गटावर टाकण्यात आले. त्याखालीच श्रीमती वियोरिका यांचेही छायाचित्र होते, बसमधून उतरतानाचे, आणि वर लिहिले होते, "हिला ओळखून ठेवा." खाली एकाने लिहिले, "मेणबत्ती लावून घरच पेटवा, म्हणजे सगळंच निर्जंतुक होईल." त्यावर बत्तीस हसरे चेहरे आले. त्यात आमच्या शाळेच्या शिक्षिकेचाही एक होता.

रविवार दि. २२ मार्च रोजी रोगापासून दूर कसे राहावे हे ठरवण्यासाठी दुकानासमोर सभा झाली. पस्तीस-चाळीस माणसे खांद्याला खांदा लावून उभी होती. मधे वाइनचा डबा, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे पेला एकच. तो एकाच्या तोंडचा दुसऱ्याच्या तोंडी फिरत होता. मी म्हणाले, "अहो, निदान पेले तरी वेगळे घ्या." त्यावर श्री. अफानासी रुस्नाक म्हणाले, "मावशी, आपण सगळे आपलेच आहोत. रोग बाहेरून येतोय." मिशीवरचा थेंब पुसून त्यांनी पेला पुढे दिला. माझ्याकडे आला तेव्हा मीही प्यायले. पाण्याविषयी लिहिणाऱ्या बाईने हे लपवू नये म्हणून लिहीत आहे.

३. हे श्री. अफानासी, वय ४१, विहिरीला लागून राहतात आणि त्यांनी स्वतःची आळीच्या पहाऱ्यावर नेमणूक केलेली आहे. त्यांचे वडील नऊ वर्षे पायांनी अधू. चार वर्षांपूर्वी श्रीमती वियोरिका यांनी पादुआच्या एका दवाखान्यातून त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची मिळवली होती व सामानाच्या गाडीवर बांधून पाठवली होती. तेव्हापासून म्हातारा रोज उन्हात फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायचा. दि. २३ मार्च रोजी श्री. अफानासी यांनी वडिलांना उचलून पलंगावर टाकले आणि ती खुर्ची अंगणात जाळली. रबराचा धूर दोन दिवस आळीत होता. मी विचारले, "अरे, खुर्ची चार वर्षांपूर्वी आलीय. तेव्हा कुठे होता हा रोग?" त्यांचे उत्तर : "तिच्या हाताची आहे ना? मग झालं."

आतून म्हाताऱ्याचा आवाज येत होता. तो मुलाला शिव्या देत नव्हता. "निदान खिडकीशी तरी ने," एवढेच म्हणत होता.

४. त्यापूर्वीच, दि. १८ रोजी, विहिरीच्या रहाटाची साखळी व बादली काढून श्री. अफानासी यांच्या ओट्यावर टांगण्यात आली होती. बाकीच्या दहा घरांनी त्यांच्याकडून मागून न्यायची, अकराव्या घराने नाही. श्रीमती वियोरिका तीन दिवस छपराच्या पागोळ्यांखालच्या पिंपातले पाणी गाळून वापरत होत्या. मग पहाटे कोणी नसताना स्वतःची बादली व दोर घेऊन विहिरीवर जाऊ लागल्या, आणि ते आळीत कळले. अलगीकरणाचा नियम त्यांनी मोडला, हे मी मान्य करते. अंथरुणावरच्या बाईला पाण्याविना कसे ठेवावे याचा नियम मात्र मला आदेशात सापडला नाही.

दि. २५ मार्च रोजी संध्याकाळी श्री. अफानासी केंद्रावर आले. म्हणाले, "मावशी, दाराच्या कड्या पुसायला थोडं क्लोरीन द्या." मी वाटीभर देऊ लागले. "एवढ्याने काय होणार? पोतं द्या." पंचवीस किलोच्या पोत्याने गावातल्या सर्व कड्या दहा वर्षे पुसता येतील, हे मला कळत होते. ते कशासाठी हवे आहे हेही मला कळले होते. पण ते हळूच म्हणाले, "तुम्ही रोज तिच्या घरी जाता. लोक विचारतायत, मावशी कोणाच्या बाजूच्या?" मी पोते दिले. नोंदवहीत "वाटप" असे लिहिले.

५. दि. २६ रोजी पहाटे ते पोते विहिरीत रिकामे करण्यात आले. वर दुकानातल्या व्हिनेगरच्या पाच बाटल्या ओतल्या, कारण एका औषधाने भागणार नाही असे सभेत ठरले होते. मी पोहोचले तेव्हा विहिरीतून वाफ निघत होती आणि ओतणारे कुंपणाला टेकून खोकत होते. रिकामे पोते तिथेच पडले होते, त्यावर आपल्या केंद्राचा शिक्का. मी ते घडी करून कोटाखाली घरी नेले.

विहिरीचे पाणी पिऊ नका असे मी आळीत ओरडून सांगितले. श्री. अफानासी यांनी सांगितले की आता पाणी शुद्ध झाले आहे, निर्धास्त प्या. लोकांनी त्यांचे ऐकले. दुपारपर्यंत एकोणीस जणांना उलट्या, घशाची जळजळ, लाल डोळे आणि खोकला. त्या खोकल्याचा अर्थ गावाने आपल्या मनाप्रमाणे लावला. संध्याकाळी वरच्या आळीने खालच्या आळीच्या तोंडाशी ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावली. श्रीमती तामारा यांनी ट्रॉलीपलीकडून पाव फेकून दिले. त्यातला एक चिखलात पडला, तो श्री. अफानासी यांच्या पत्नीने उचलून ॲप्रनला पुसून घेतला. मला दया यायला हवी होती. ती आली नाही. मला त्या पावाची, त्या हातांची, खोकणाऱ्यांची, पलीकडे मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांची आणि माझ्या घरातल्या त्या पोत्याची किळस आली. हा शब्द सरकारी कागदात बसत नसल्यास आपण खोडू शकता, मी खोडणार नाही.

६. दि. २८ मार्च हा श्रीमती वियोरिका यांच्या अलगीकरणाचा शेवटचा दिवस. सकाळची नोंद ३६.५. अकरा वाजता सरपंचांनी मला कार्यालयात बोलावले. अहवाल तयार होता. मी वाचला व म्हणाले, "हे क्लोरीन आहे, साहेब. वास कोणालाही येईल." सरपंच शांतपणे म्हणाले, "रायसाबाई, येईल ना. मग ते क्लोरीन कुठून आलं तेही लिहावं लागेल. तुमच्या पेन्शनला किती वर्षं राहिलीत?" मी सही केली. दुपारी दोन वाजता पोलिसांची गाडी आली व श्रीमती वियोरिका यांना तालुक्याच्या रुग्णालयात नेले. गाडीत चढताना त्या मला एवढेच म्हणाल्या, "रायसाताई, आईचं बघा. तिला दर चार तासांनी कुशीवर वळवावं लागतं." मी हो म्हणाले.

७. दि. २९ च्या गृहभेट नोंदवहीत माझ्या अक्षरात "भेट दिली, प्रकृती ठीक" असे आहे. मी फाटकातून हाक मारली होती. आतून काहीतरी उत्तर आले, मी ते "ठीक" असे धरले. दि. ३० रोजी गेलेच नाही. त्या दिवशी श्रीमती तामारा यांनी सांगितले होते, "त्या घरात जायचं असेल तर माझ्या दुकानात यायचं नाही, मावशी. ठरवा." मी दुकान ठरवले. मला लागणारे काहीही तिथे नव्हते. मी साखर घेतली.

दि. ३१ रोजी सकाळी आत गेले. अगाफियाबाई पलंग आणि दार यांच्या मधोमध जमिनीवर होत्या. कोपरांवर सरपटत तिथवर आलेल्या. ओठ फुटलेले, जीभ लाकडासारखी. हातातला पत्र्याचा पेला सुटला नव्हता. मला पाहून म्हणाल्या, "वियोरिका पाण्याला गेलीय का गं? फार वेळ झाला." मी त्यांना चादरीवर घेतले व ओढतच अंगणातून रस्त्यावर, आणि तिथून ट्रॉलीपलीकडच्या माझ्या घरी नेले. ट्रॉलीपाशी उभी असलेली माणसे दोन्ही बाजूंना सरली. वाट देण्यासाठी नव्हे. ट्रॉली मात्र कोणी हलवेना. शेवटी मी चादरीसकट तिच्याखालून गेले.

८. श्रीमती वियोरिका यांच्या दोन्ही चाचण्यांमध्ये विषाणू आढळला नाही. दि. ११ एप्रिल रोजी त्यांना सोडले. घराला पंचायतीचे सील असल्याने त्या व त्यांच्या आई माझ्याकडेच राहतात. सील कशाच्या आधारे, तर माझी सही असलेल्या अहवालाच्या. चाचण्यांचे कागद मी सरपंचांना दाखवले. ते म्हणाले, "ते तालुक्याचे कागद. आमचा अहवाल आमचा आहे."

पहिल्या संध्याकाळी मी श्रीमती वियोरिका यांना पोते दाखवले आणि सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. उठून आईला कुशीवर वळवले व पाठीवरच्या दोन जखमा तपासल्या. त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतेच बोलतात. याबाबत माझी तक्रार नाही.

९. दि. २७ एप्रिल रोजी श्री. अफानासी माझ्या कुंपणाशी आले. तोंडाला रुमाल. म्हणाले, "मावशी, बापाची पाठ सडलीय हो. महिनाभर पलंगावरच आहे. वास येतो, बायको खोलीत जात नाही. वियोरिका इटलीत हेच काम करायची ना? जरा विचारता का?" मी त्यांना जे बोलले ते येथे देत नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि तिथेच उभे राहिले.

श्रीमती वियोरिका दारात आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जखम किती खोल आहे? हाड दिसतं का?"

"मी बघितली नाही," श्री. अफानासी म्हणाले.

त्या हात धुऊन निघाल्या. तेव्हा हा माणूस घाईने म्हणाला, "पुढून नको. मागच्या वाडीतून ये. लोकांना दिसायला नको."

आज पंधरा दिवस त्या रोज दोनदा तिकडे जातात. पाण्यातून, काटेरी झुडपांतून, कोंबड्यांच्या घाणीतून, मागच्या वाडीने. म्हाताऱ्याला वळवतात, जखम धुतात, त्याच वाटेने परत येतात. मी म्हणाले, "तुम्ही का जाता?" त्या म्हणाल्या, "तो म्हातारा मला काही बोलला नव्हता." विहीर अजून उपसलेली नाही. एप्रिलअखेर आळीत खरोखरच तिघांना हा रोग झाला. तिघेही सभेतले आहेत आणि तिघांपैकी एकाच्याही फाटकावर कागद लावू देण्यात आलेला नाही.

सबब विनंती की,

(अ) दि. २८ मार्चच्या अहवालावरील माझी सही रद्द समजावी व विहिरीच्या पाण्याची तपासणी आपल्या कार्यालयाने करावी;

(ब) क्लोरीनचे पोते मी दिले, नोंदवही मी खोटी भरली व अंथरुणावरील रुग्णाला दोन दिवस टाकून दिले, याबद्दल माझ्यावर होईल ती कारवाई करावी. पेन्शनचा विचार करू नये;

(क) त्सुर्कान यांच्या घराचे सील काढण्याचा लेखी आदेश द्यावा आणि तो आदेश ग्रामपंचायतीला न पाठवता चर्चच्या फलकावर लावावा, जेणेकरून श्रीमती वियोरिका यांना रुग्णाकडे पुढच्या रस्त्याने जाता येईल.

आदेश येण्यास विलंब होणार असल्यास कळवावे. उद्यापासून मी त्यांच्याबरोबर पुढच्या रस्त्याने चालत जाणार आहे. त्या तयार नाहीत. त्या नाही म्हणाल्या तर पिशवी घेऊन मी एकटी पुढून जाईन व त्यांच्या येण्याची म्हाताऱ्याच्या फाटकात वाट पाहीन.

आपल्या कार्यालयाच्या सेवेत अद्याप असलेली,

(सही)
रायसा बोत्नारू
परिचारिका, स्तुपारेनी

सोबत :
१) क्लोरीनचे रिकामे पोते, शिक्क्यासह, एक.
२) ताप नोंदवहीची प्रत, दि. १५ ते २८ मार्च.
३) गृहभेट नोंदवही, मूळ. दि. २९ ची नोंद मी खोडलेली नाही, तिच्याखाली खरी लिहिली आहे.
४) श्रीमती वियोरिका त्सुर्कान यांचे चाचणी अहवाल, दोन.