खालच्या पट्टीत

२८ डिसेंबर १९९०. रास तनुरा, सौदी अरेबिया

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. हृदयाच्या नळ्या बंद होत आल्यात. मुंबईला जा, बायपास करून घ्या, ऐंशी सहज गाठाल. तोवर जिने नकोत, मीठ-साखर नको, आवाज चढवायचा नाही.

घरी आलो, बरोबर बायको, सुमन. दारात म्हणाली, "म्हणजे नाटक गेलंच."

नाही गेलं.

३१ डिसेंबर

पुण्याहून मुलाचा फोन. "बाबा, बी प्रॅक्टिकल. युद्ध तोंडावर, हार्ट असं. निघायला अजून काय हवंय?"

सांगणार होतो. लाइन तुटली. बरं झालं.

४ जानेवारी १९९१, शुक्रवार

तालीम, दळवींच्या हॉलमध्ये. नेहमीप्रमाणे चपला घरात घेतल्या. दारात ढीग दिसला की बाहेरच्यांना कळतं, आत माणसं जमलीत. दाराच्या फटीला उशी. इथे असले कार्यक्रम करायला बंदी, म्हणून टाळीसुद्धा नाही. प्रेक्षक दोन्ही पंजे हवेत हलवतात. दळवी दिग्दर्शक. इतक्या वर्षांत त्यांची एकच सूचना: "खालच्या पट्टीत!"

एकांकिका माझी. धरणात बुडणारं गाव. पाणी उंबऱ्याला लागलंय, होडीतून साहेब बोलावतोय, आणि म्हातारा दारात उभा राहून ओरडतो, "नाही येत!" म्हातारा मी. हे ओरडणं कुजबुजत करायचं.

होडीतला साहेब म्हणजे इब्राहिमभाई. मूळ रत्नागिरीकडचे, इथे कफिलाच्या, म्हणजे अरब जामीनदाराच्या, नावावर किराणा दुकान. मी रिफायनरीत नव्या पोरांना इंग्रजी शिकवतो म्हणून त्यांचा मास्तर. म्हणाले, "मास्तर, असं वरडलाव तर होडीतल्या मानसाला काय, दारातल्या मांजराला पन नाय ऐकू यायचं."

सगळे हसले. खालच्या पट्टीत.

११ जानेवारी

आज अण्णांची तिथी. वडील एक्याण्णव वर्षं जगले. ठरल्या वेळी जेवले, ठरल्या वेळी झोपले, सर्दी होईल म्हणून नदीत उतरले नाहीत. मी कथा लिहितो, माणसांवर चार ओळी सहज सुचतात. अण्णांवर एक वाक्य सुचत नाही.

अशी ऐंशी मला नकोत.

१७ जानेवारी

पहाटे युद्ध सुरू झालं. रेडिओवर तेच तेच. झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना प्लास्टिक आणि टेप, दाराशी ओला टॉवेल. विषारी गॅसपासून बचावाचे मुखवटे मिळाले. सुमनच्या मुखवट्यात तिचा अंबाडा मावत नाही.

१९ जानेवारी

इथलं विमानतळ फौजेकडे, म्हणून तिकीट जेद्दाहून. चौदा फेब्रुवारीचं. पासपोर्टवर एक्झिट री-एंट्रीचा, बाहेर जाऊन परत येण्याचा, शिक्का बसला. सुमनने तिकीट फ्रिजवर चिकटवलं, समोरच.

"जगायचंय की नाटक करायचंय?"

"दोन्ही."

"तुमचा तो म्हातारा दर वेळी बुडतो आणि उठून चहा पितो. तुमचं तसं नाही."

चहा बिनसाखरेचा होता. टाकून दिला.

१ फेब्रुवारी

निम्मे प्रेक्षक देशात गेले. दळवी म्हणतात, रद्द करू, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, पुढचं वर्ष तुमचं असेल. मला पुढचा शुक्रवार हवाय.

इब्राहिमभाई लगेच, "मी हाय. होडी तयार हाय. यल्ला, चला."

८ फेब्रुवारी, शुक्रवार

केलं.

सतरंजीवर मोजकी माणसं, मांडीवर मुखवट्यांचे डबे. सगळ्यात मागे सुमन, पर्समध्ये माझ्या गोळ्या. पाणी उंबऱ्याला आलं, इब्राहिमभाईंनी हात पुढे केला आणि बाहेर भोंगा सुरू झाला. क्षेपणास्त्राचा. दळवी उठले, आतली बंद खोली दाखवू लागले. माणसं अर्धवट उठली.

माझ्या डोक्यात एकच. या भोंग्याखाली कुणाला काही ऐकू जाणार नाही.

ओरडलो. पोटापासून. "नाही येत!" पुन्हा. पुन्हा. भिंतीवरचं घड्याळ थरथरल्यासारखं वाटलं. उठलेली माणसं खाली बसली.

आणि भोंगा थांबला. मी नाही थांबलो, उशिरा कळलं. शेवटचं "नाही येत" रिकाम्या शांततेत एकटंच पडलं. गल्लीभर गेलं असणार. सगळे दाराकडे बघत राहिले. आता थाप पडेल.

नाही पडली. मग पंजे हलले, कितीतरी वेळ.

सुमनचे हात मांडीवरच.

क्षेपणास्त्रही आलं नाही. खोटा भोंगा.

डाव्या खांद्यात कळ. गोळी जिभेखाली. न सांगता सुमननेच पर्समधून काढून दिली.

९ फेब्रुवारी

दिवसभर झोपून. खांदा बरा. इब्राहिमभाई खजूर घेऊन आले. रियाधची मंडळी विचारतायत, तिथे प्रयोग कराल का, बावीस तारखेला. सुमन शेजारीच उभी. तिने खजूर उचलून आत ठेवले.

१२ फेब्रुवारी

उद्या पहाटे जेद्दाची गाडी. बॅग दाराशी. तिकीट अजून फ्रिजवर. दोघांपैकी कुणीच त्याला हात लावत नाही.

सकाळी स्वयंपाकघरात गेलो. ती पाठमोरी.

"त्या दिवशी भोंग्यात मला नीट ऐकू आलं नाही," म्हणाली. "शेवटचं. परत म्हणा." शेवटचं तर भोंगा थांबल्यावरचं, तिने ऐकलेलंच होतं.

"इथे? शेजारी ऐकतील."

तिने मिक्सरचं भांडं बसवलं. रिकामंच. झाकणावर हात दाबून धरला, माझ्याकडे वळली, आणि बटण फिरवलं. या घरघरीखाली शेजाऱ्यांना काही ऐकू जाणार नाही.